साखर नेमकी कुठे जळते?

सांगलीला खेटून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर वसलं आहे. हळदीच्या व्यापारात या गावाचं नाव झालं ते पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली ऐसपैस पोट. इथली माती पाणी झिरपू देत नाही, त्यामुळे पेवात भरलेली हळद काही वर्षं सहज टिकते आणि तिला कीडही फारशी लागत नाही. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली, पुढे शीतगृहं वाढली आणि पेवांचा वापर आटला. पण पेव उघडण्याची रीत जुन्या हमालांना पाठ असते. तोंडावरची माती काढली की लगेच कोणी आत उतरत नाही. पेव काही तास उघडं ठेवतात, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर थांबतो.

या रीतीमागचा हिशेब पक्का आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की कंदिलाची ज्योत तग धरत नाही. माणूस ज्योतीपेक्षा चिवट, त्याची शुद्ध हरपते ती ऑक्सिजन १० टक्क्यांखाली घसरल्यावर. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तो पेवाच्या तळाशी साचून राहतो. उतरणाऱ्या माणसाचं डोकं त्या थरात बुडेपर्यंत त्याला काही कळतही नाही. कंदील त्याच्या आधी तळ गाठून खबर देतो.

आता प्रश्न असा, की मातीनं लिंपून बंद केलेल्या खड्ड्यातला ऑक्सिजन खाल्ला कोणी? पेव ज्वारीचं असेल तर खुद्द ज्वारीनं. दाणा वाळलेला दिसला तरी आतला अंकुर जिवंत असतो आणि तो अगदी संथपणे आपल्याच पिठातली साखर वापरत असतो. दाण्यात ओल राहिली तर हा संथपणा सुटतो, रास आतून तापते. हळदीचं तसं नाही. ती शिजवून वाळवलेली, म्हणजे मेलेली. तिथे ऑक्सिजन संपवतात ते चुकून आत राहिलेले किडे, बुरशी आणि जिवाणू. किडे हळद खातात, ऑक्सिजन वापरतात आणि तो संपला की स्वतःच मरतात. पेवातल्या हळदीला कीड लागत नाही याचं मोठं कारण हे.

दाणा, किडा, बुरशी आणि कंदील हे चौघंही एकच रासायनिक बेरीज करत असतात. कार्बन आणि हायड्रोजन असलेला पदार्थ घ्यायचा, त्याला ऑक्सिजन जोडायचा, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकायचं, आणि या व्यवहारात सुटलेली ऊर्जा पदरात पाडून घ्यायची. हे साम्य आधी मोजून दाखवलं ते फ्रान्समधल्या लाव्हाझिएनं. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्यानं आणि लाप्लासनं एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळला आणि त्याच काळात त्यानं किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे त्यांनी मोजलं. मग तेवढाच वायू निघेपर्यंत कोळसा जाळला, तर बर्फही जवळपास तितकाच वितळला. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष लाव्हाझिएनं काढला. हे ज्वलन फुप्फुसांत होत असावं, असं त्याला वाटलं. ते शरीरातल्या पेशींमध्ये होतं, हे कळायला पुढचं जवळजवळ एक शतक जावं लागलं.

मात्र ‘संथ ज्वलन’ हे वर्णन अर्धंच खरं आहे. राहिलेला अर्धा भाग समजून घ्यायला सातारा-सांगलीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण इथे साखर जळण्याचे सगळे प्रकार पन्नास-साठ मैलांच्या टप्प्यात पाहायला मिळतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना घ्या, साखराळ्याचा राजारामबापू घ्या, सांगलीचा वसंतदादा घ्या. गाळप हंगामात उसाचा रस एका वाटेनं जातो आणि पिळून उरलेलं बगॅस दुसऱ्या वाटेनं बॉयलरमध्ये. या बगॅसमधला सगळ्यात मोठा वाटा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक माळा. म्हणजे बॉयलरमध्येही खरं तर साखरच जळते. तिथे ती एका झटक्यात जळते, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते, वाफ कित्येक शे अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन फिरवते.

पेशीला हा मार्ग बंद आहे. उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर एक जागा तापलेली आणि दुसरी थंड असावी लागते. पेशीचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तिच्यात एक कोपरा चारशे अंशांवर आणि दुसरा तीस अंशांवर ठेवणं अशक्य. तिथे सगळं ३७ अंशांवर चालतं. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळालं तर ६८६ किलोकॅलरी ऊर्जा सुटते. ती एकदम सुटली तर पेशी शिजून निघेल आणि काम मात्र काहीच होणार नाही. म्हणून पेशी साखर पेटवत नाही, सोलते. साखरेच्या रेणूतले इलेक्ट्रॉन ती जोडी-जोडीनं काढून घेते आणि ऑक्सिजनशी गाठ अगदी शेवटी घालते.

पहिला टप्पा पेशीतल्या द्रवात पार पडतो. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे दहा पायऱ्यांमध्ये तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना पायरुव्हेट म्हणतात. प्रत्येक पायरीला वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. पदरात पडतात एटीपीचे अवघे दोन रेणू. एटीपी हे पेशीचं चलन. स्नायू आखडायचा, मज्जातंतूनं संदेश पाठवायचा, प्रथिनं घडवायची, सगळीकडे तेच मोडावं लागतं. कोणत्याही क्षणी आपल्या अंगात एटीपी असतं ते जेमतेम शंभर ग्रॅमच्या आत. दिवसभरात मात्र आपण जवळपास स्वतःच्या वजनाएवढं एटीपी खर्च करतो, कारण एकच रेणू दिवसात शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा भरला जातो.

या पहिल्या टप्प्याला ऑक्सिजन अजिबात लागत नाही, आणि ही बाब पुढे फार कामाची आहे.

दुसरा टप्पा पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, होतो. पायरुव्हेट आत शिरतं, त्याचा एक कार्बन वायू होऊन निघून जातो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा एका चक्रात पडतो. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून उलगडलं. त्यांचं टिपण ‘नेचर’नं जागा नाही म्हणून साभार परत केलं आणि ते दुसऱ्या नियतकालिकात छापून आलं. १९५३ला त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. चक्राच्या प्रत्येक फेरीत दोन कार्बन मोकळे होतात. आपण नाकातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो इथला. त्यातला ऑक्सिजन आत्ताच श्वासातून घेतलेला असतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तो अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो.

मग श्वासातल्या ऑक्सिजनचं काम काय? तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची एक रांग आहे. साखरेपासून काढलेले इलेक्ट्रॉन या रांगेतून हातोहात पुढे सरकतात आणि दर टप्प्यावर थोडी ऊर्जा सोडतात. रांगेच्या टोकाला ते कोणी तरी घेतले पाहिजेत, नाही तर मागची सगळी रांग तुंबेल. ते घेतो ऑक्सिजन, आणि त्याचं पाणी होतं. दिवसाला वीस-बावीस हजार वेळा आपण छाती भरतो ती या एका शेवटच्या पायरीसाठी.

ही पायरी बंद पडली तर काय होतं, हे माण, खटाव, आटपाडी, जतच्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचता माहीत आहे. पावसानं ताण दिला की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत, किंवा कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत, ‘धुरिन’ नावाचं द्रव्य वाढतं. उपाशी जनावर अशा रानात शिरलं तर पोटात त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होतं. सायनाइड जाऊन बसतं ते नेमकं रांगेतल्या शेवटच्या प्रथिनावर, जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तिथेच. म्हैस धापा टाकते, फुप्फुसात हवा भरपूर जाते, रक्तातही ऑक्सिजन ठासून भरलेला असतो, पण तो कोणी वापरू शकत नाही. अशा जनावराचं रक्त काळपट न दिसता लालभडक दिसतं, कारण पेशींनी त्यातून काही उचललेलंच नसतं. पशुवैद्य वेळेत पोचला आणि त्यानं सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं तर जनावर वाचतं. पण वेळ फार थोडा असतो. श्वास चालू असताना पेशी गुदमरतात, याचं इतकं निर्दय उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

इलेक्ट्रॉनच्या या उतरंडीतून एटीपी कसं बनतं, हे कोडं १९६० पर्यंत कोणालाही सुटत नव्हतं. सगळे एखादा मधला रासायनिक पदार्थ शोधत होते आणि तो काही हाती लागत नव्हता. १९६१ साली पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं सांगितलं, की असा पदार्थ नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्या जोरावर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फेकले जातात, तिथे त्यांची गर्दी साठते आणि ती गर्दी परत येऊ पाहते. सातारकरांना हे समजायला कोयना पुरेशी आहे. शिवसागरात पाणी अडवायचं, ते उंचावर ठेवायचं आणि बोगद्यांतून पोफळीकडे सोडताना टर्बाइनवरून न्यायचं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि त्या विजेला कारण पाणी हा पदार्थ नसून दोन बाजूंच्या पातळीतला फरक आहे. मिचेलचं म्हणणं तेच होतं. पंधराएक वर्षं त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्यानं विद्यापीठ सोडलं आणि कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्याची डागडुजी करून तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८ला नोबेल मिळालं, तेही एकट्याला.

यातला टर्बाइन तर अक्षरशः आहे. एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन पडद्यात रुतलेलं असतं, प्रोटॉन त्यातून परत येतात आणि त्याचा दांडा खरोखर गरगर फिरतो. १९९७ साली जपानी संशोधकांनी त्याला एक चमकणारा धागा चिकटवून ते फिरणं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. सस्तन प्राण्यांत आठ प्रोटॉन आत आले की एक फेरी पूर्ण होते आणि एटीपीचे तीन रेणू बनतात. पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब १५० मिलिव्होल्टच्या आसपास, ऐकायला किरकोळ. पण पडदा इतका पातळ आहे की तोच दाब मीटरच्या हिशेबात मांडला तर कोट्यवधी व्होल्ट भरतो.

एका ग्लुकोजमागे शेवटी ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ हा आकडा आहे आणि तो अजूनही परीक्षांना विचारला जातो. त्यात प्रोटॉनची गळती आणि वाहतुकीचा खर्च धरलेला नव्हता. साखरेतल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग असा कामी लागतो. उरलेली उष्णता होते आणि आपलं अंग गरम ठेवते.

तोडलेला ऊस हेच करत राहतो. मुळापासून तुटला तरी त्याच्या पेशी काही दिवस जगतात, आणि आता वरून साखर येत नसल्यामुळे साठवणीतली मोडतात. त्यांची विकरं सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतात, त्यातला काही श्वसनात जातो आणि उरलेला साखरेचा दाणा धरू देत नाही, मळीत जातो. तोडीनंतर २४ तासांत ऊस गव्हाणीत पडावा असा कारखान्याचा आग्रह असतो तो यासाठी. अड्ड्यावर रांगेत तिष्ठणाऱ्या गाडीतला उतारा उन्हात दर तासाला घटत असतो. त्यात वजनही कमी भरतं ते वेगळंच. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पहाटे तोडून लगेच गार करतात, त्यामागेही हेच गणित. तापमान दहा अंशांनी चढलं की श्वसनाचा वेग साधारण दुपटी-तिपटीनं वाढतो.

कारखान्याच्या आवारात आणखी एक जागा आहे, डिस्टिलरी. तिथल्या टाक्यांत मळी आणि पाण्याच्या मिश्रणात यीस्ट सोडलेलं असतं आणि तिथे ऑक्सिजन पुरत नाही. यीस्टलाही तंतुकणिका आहेत, पण रांगेच्या टोकाला इलेक्ट्रॉन घेणारा कोणी नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. मग ते पहिल्या दहा पायऱ्यांवरच भागवतं. दोन एटीपी खिशात टाकतं आणि उरलेले इलेक्ट्रॉन पायरुव्हेटच्याच गळ्यात मारून त्याचं अल्कोहोल करून टाकतं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हा कागदावरचा हिशेब. आता गंमत बघा. साखरेत जेवढी ऊर्जा होती तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त अजून त्या अल्कोहोलमध्ये शाबूत असते. यीस्टनं तिला हातच लावलेला नाही. तीच ऊर्जा आपण इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळतो. यीस्टला दोनाऐवजी तीस एटीपी काढायची सोय टाकीत असती, तर साखर कारखान्यांच्या ताळेबंदातला हा एक रकाना कोरा राहिला असता.

पाश्चरनं १८६१ साली पाहिलं होतं, की हवा मिळाली की यीस्ट जोमानं वाढतं आणि साखर मात्र बेतानं वापरतं. हवा तोडली की साखरेची उधळपट्टी सुरू. तुटपुंज्या मिळकतीवर जगायचं तर उलाढाल दसपट करावी लागते.

आपल्या स्नायूंचंही तेच, फक्त अल्कोहोलऐवजी लॅक्टेट. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्या स्पर्धेतली एक हकिकत कुस्तीशौकिनांत कायम सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून देणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा हरले.

तो अर्धा तास पेशींच्या भाषेत काय होता, ते पाहण्यासारखं आहे. डाव टाकण्याच्या पहिल्या दहा सेकंदांत स्नायू आयतं एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट वापरतात. त्यानंतर ऑक्सिजन पुरेसा पोचण्याआधीच दहा पायऱ्यांची घाईची वाट सुरू होते, लॅक्टेट साचतं, स्नायूतली आम्लता वाढते, पकड ढिली पडते. कुस्ती संपल्यावर क्रिएटिन फॉस्फेटचा साठा चार-पाच मिनिटांत बहुतेक भरून येतो. लॅक्टेट उतरायला मात्र वेळ लागतो, ते निम्म्यावर यायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. काही हृदय जाळतं, काही दुसरे स्नायू वापरतात आणि काही यकृत परत ग्लुकोजमध्ये बदलतं. ही यकृताची फेरी कार्ल आणि गर्टी कोरी या १९४७च्या नोबेलविजेत्या दाम्पत्यानं शोधली. तेव्हा नियमातली ३० मिनिटं कोणी हवेतून काढलेली नव्हती. (दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचा दोष लॅक्टेटला देतात तो चुकीचा आहे. ते तासाभरात नाहीसं होतं. ठणका स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचा असतो.)

तालमीतला खुराक तुपाचा, बदामाचा, दुधाचा. फडात पहिल्या मिनिटाला मात्र उपयोगी पडते ती भाकरी. कारण ऑक्सिजनशिवाय चरबीतून एक एटीपीही काढता येत नाही. दहा पायऱ्यांची ती वाट फक्त साखरेसाठी आहे, चरबीला थेट तंतुकणिकेतच जावं लागतं. तिथे लांब मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडले जातात आणि ते क्रेब्जच्याच चक्रात पडतात. सोळा कार्बनच्या पामिटिक आम्लाला सात वेळा कापलं की आठ तुकडे होतात, आणि सगळा खर्च वजा जाता १०६ एटीपी हाती येतात. वजनास वजन धरलं तर साखरेच्या जवळजवळ अडीचपट.

हा फरक का, याचं उत्तर रेणूच्या सूत्रातच आहे. ग्लुकोजच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग, नेमकं सांगायचं तर ५३ टक्के, आधीच ऑक्सिजन असतो. म्हणजे साखर हे अर्धवट जळालेलं जळण आहे. पामिटिक आम्लात ऑक्सिजन अवघा साडेबारा टक्के, बाकी जवळपास सगळा कार्बन आणि हायड्रोजन. भरीला आणखी एक गोष्ट. शरीर साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवतं आणि एका ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगावं लागतं. चरबी कोरडी साठते. दहा किलो चरबीत ९०,००० किलोकॅलरी असतात. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजनमध्ये ठेवायची म्हटलं तर पाण्यासकट नव्वदएक किलोचं ओझं होईल. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनी प्रवासाला निघण्याआधी अंगावर चरबीच का चढवावी, हे यातून कळतं. साखर घेऊन निघाले असते तर उडालेच नसते.

मग आपण साखर ठेवतोच कशाला? घाईसाठी. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढे जाऊन परत फिरायचं. चढावर स्नायूंची मागणी इतकी वाढते की अडतं ते ऑक्सिजनपाशी. आणि एका लिटर ऑक्सिजनमागे साखर देते पाच किलोकॅलरी, चरबी ४.७. शिवाय चरबी पेशींतून सुटून, रक्तातून वाहून, तंतुकणिकेत शिरेपर्यंत वेळ जातो. म्हणून घाटात शरीर साखरेकडे वळतं. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजनचा साठा पाचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २,००० किलोकॅलरी. साठ किलोच्या धावपटूला सपाटीवर २१ किलोमीटरला १,२५०च्या आसपास लागतात, चढाचे वर आणखी. अर्ध्या मॅरेथॉनला साठा पुरतो. पूर्ण मॅरेथॉनला पुरत नाही, आणि तिशीच्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात ते इथे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मॅरेथॉनमधून ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेल्या. सव्वानऊ मिनिटांच्या त्या शर्यतीत चरबीला जवळपास कामच नाही. साठा संपण्याची भीती गेली, आता प्रश्न फक्त ऑक्सिजन किती लवकर पोचतो याचा.

याच जिल्ह्यात दरवर्षी आषाढात उलट प्रयोग होतो, आणि तो लाखांच्या संख्येनं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. वारकरी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर संथ चालतात, अभंग म्हणत म्हणत. गाता येईल इतका श्वास शिल्लक आहे, याचा अर्थ ऑक्सिजन मुबलक आहे, आणि अशा चालीत निम्म्याच्या आसपास ऊर्जा चरबीतून येते. साठ किलोच्या माणसाला वीस किलोमीटर चालायला साधारण ९०० किलोकॅलरी धरा, निम्म्या चरबीतून, म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम चरबी. वाटेवर जागोजागी जे आग्रहानं वाढलं जातं ते पाहता वारीहून परतलेला माणूस बारीक दिसतोच असं नाही. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात जो धावतो तो मात्र त्या दोन मिनिटांपुरता साखरेवर धावतो.

उपवासाचंही थोडं सांगायला हवं. यकृतातला ग्लायकोजन काही न खाता राहिलं तर बारा ते चोवीस तासांत संपत येतो. मग शरीर चरबीकडे अधिकाधिक वळतं. पण एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ. सकाळी एक आणि दुपारी एक खिचडीची ताटली रिचवल्यावर यकृताला चरबीच्या वाटेला जायचं कारणच उरत नाही.

राहिला तो प्रश्न, जो व्यायामशाळेत सगळेच विचारतात आणि ज्याचं उत्तर बहुतेक चुकीचं मिळतं: कमी झालेली चरबी जाते कुठे? कोणी म्हणतं घामातून, कोणी म्हणतं तिचा स्नायू होतो, शिकलेले म्हणतात तिची ऊर्जा होते. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा हिशेब अणूअणूनं मांडला, आणि डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायामशिक्षक अशा दीडशे जणांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘ऊर्जा होते’ हेच होतं. पण अणूंची ऊर्जा होत नाही, ते कुठे तरी जावेच लागतात. दहा किलो चरबी पूर्ण वापरायला २९ किलो ऑक्सिजन श्वासातून घ्यावा लागतो. बाहेर पडतो २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी. त्या दहा किलोंतले ८.४ किलो नाकावाटे जातात आणि १.६ किलो पाण्यावाटे.

हे वाचून कोणी जोरजोरात श्वास घेऊन बारीक व्हायचा विचार करेल, तर तेही जमणारं नाही. नुसती हवा आत-बाहेर केल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, चरबी जागची हलत नाही. एटीपी खर्च झाल्याशिवाय तंतुकणिकेतला टर्बाइन फिरत नाही, तो फिरला नाही तर प्रोटॉनची गर्दी ओसरत नाही, गर्दी ओसरली नाही तर इलेक्ट्रॉनची रांग पुढे सरकत नाही, आणि रांग सरकली नाही तर आत आलेल्या ऑक्सिजनला घ्यायला काहीच नसतं. तो आला तसा परत बाहेर जातो. आपण सोडतो त्या हवेतसुद्धा १६ टक्के ऑक्सिजन न वापरलेलाच असतो.